इशारा मागे, प्रोसेस गायब

लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये ‘सेगफॉल्ट’चा, म्हणजे मेमरीच्या चुकीच्या वापराने प्रोग्राम कोसळल्याचा, इशारा येतो. सोबत प्रोसेसचं नाव आणि क्रमांक, म्हणजे पीआयडी, असतो. शोधायला जावं तर ती प्रोसेस केव्हाच संपलेली. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘टॉप’ची यादी इथे उपयोगाची नाही, ती सहसा दर ३ सेकंदांनी ताजी होते, आणि असा प्रोग्राम काही मिलिसेकंदांत येऊन जातो. लॉगमधल्या नावावरही पूर्ण विसंबू नये: कर्नल त्याचे पहिले १५ बाइटच ठेवतो. पीआयडीसुद्धा पुढे भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो.

म्हणून नोंद आधीपासून चालू हवी. ब्रेंडन ग्रेग यांचं ‘एक्झेकस्नूप’ सुरू होणारा प्रत्येक नवा प्रोग्राम, त्याची आज्ञा आणि पालक प्रोसेसचा क्रमांक त्याच क्षणी टिपतं. यात पालकाचा क्रमांक सर्वांत मोलाचा. त्या धाग्याने वर गेलं की क्रॉनमधली विसरलेली स्क्रिप्ट किंवा पुन्हापुन्हा कोसळून सुरू होणारी सेवा हाती लागते. मात्र ‘फोर्क’ने पालकाची प्रत म्हणून जन्मून ‘एक्झेक’ने नवा प्रोग्राम सुरू न करणारी प्रोसेस या साधनाला दिसत नाही. दिवसरात्र पाळत ठेवायची असेल तर ‘ऑडिटडी’ ही लिनक्सची नोंदसेवा बरी.

विंडोजमध्ये हेच काम सुरक्षा लॉगमधली ४६८८ क्रमांकाची नोंद करते. तिच्यात पूर्ण आज्ञा हवी असेल तर वेगळी सेटिंग चालू करावी लागते. आज्ञेत कधीकधी पासवर्डही असतात. तेव्हा हे लॉग कोण वाचू शकतो, ते आधी ठरवा.