संगणक सुरू होत नाही? फॉरमॅट करण्याआधी थांबा

ऐन परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी शाळेच्या कार्यालयातला संगणक सुरूच होईना. बटण दाबले की पंखा फिरे, विंडोजचे चिन्ह दिसे, खाली ठिपके गोल गोल फिरत आणि मग निळा पडदा. आदल्या संध्याकाळी अपडेट चालू असताना वीज गेली होती आणि यूपीएसच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती. पाहायला आलेल्या गृहस्थांनी दोन मिनिटांत निदान केले, "फॉरमॅट मारून टाकू, तासाभरात चालू!" त्या संगणकात अनेक वर्षांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी आणि स्नेहसंमेलनांचे फोटो होते. आम्ही नको म्हटले, ते बरेच झाले. असा प्रसंग घरोघरी येतो, म्हणून हा लेख.

मुळात बिघडते काय? बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम (जुन्या यंत्रांत बायॉस, नव्यांत यूईएफआय) आधी मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. मग डिस्कवरच्या बूट लोडरला हाक मारतो. लोडर विंडोजचा गाभा आणि आवश्यक ड्रायव्हर मेमरीत आणतो, रजिस्ट्री वाचली जाते आणि मग कुठे आपला डेस्कटॉप दिसतो. यातली एखादी फाईल खराब झाली की गाडी तिथेच अडते. वीज जाण्याचा धोका असा, की लिहायचा मजकूर विंडोज आधी मेमरीत धरून ठेवते आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवते. अपडेटच्या वेळी तर शेकडो फाईली बदलत असतात. मध्येच अंधार झाला, की काही नव्या, काही जुन्या, एखादी अर्धवट.

पण अशा वेळी आपली पत्रे, फोटो, निकाल बहुधा त्याच डिस्कवर जागच्या जागी असतात. दार उघडत नाही, घरातले सामान शाबूत आहे. फॉरमॅट म्हणजे दार उघडेना म्हणून सामानच बाहेर फेकणे. "सी ड्राइव्हच उडवतो, डी ला हात लावत नाही," असे कोणी सांगितले तरी निर्धास्त राहू नये. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर सहसा सी वरच असतात.

एक खराब फाईल काय करू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाईल ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. सव्वा तासाने चूक सुधारली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय एवढाच होता, की संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा आणि ती एक फाईल पुसायची. फॉरमॅटची गरज नव्हती.

आता प्रत्यक्ष काय करावे? आधी पेन ड्राइव्ह, सीडी, जे लावलेले असेल ते काढा. एक्सपीच्या काळात 'एनटीएलडीआर इज मिसिंग' हा संदेश पाहून लोक घाबरत, आणि कित्येकदा ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी निघे! डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर मात्र संगणक लगेच बंद करा. तो फाईलींचा नव्हे, डिस्कचाच आजार आहे; पुन्हा पुन्हा सुरू करून तो वाढतो.

दुरुस्तीआधी माहिती बाहेर काढावी. आम्ही दुसऱ्या संगणकावर १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबंटू तयार केले आणि अडलेला संगणक त्यावरून सुरू केला. तेथे 'ट्राय' हा पर्याय निवडायचा, 'इन्स्टॉल' चुकूनही नाही. डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसले आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले.

फाईलींबरोबर आम्ही विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही घेतला. आपल्याकडची जुनी पत्रे, अहवाल कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेले असतात. ते युनिकोड नाहीत; फॉन्ट गेला की त्याच फाईलीत अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात आणि फाईलच बिघडली असे वाटते. (युनिकोडमधला मजकूर विंडोजबरोबर येणाऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये वाचता येतो. त्यातल्या 'मंगल'ची अक्षरे आपल्या र. कृ. जोशींनी घडवली आहेत, हे मुलांना माहीत असावे.)

मग दुरुस्ती. विंडोज १० किंवा ११ सुरू होताना सलग दोन-तीनदा अडखळले, की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जावे. आधी 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावे. आमच्या संगणकाने त्याला दाद दिली नाही. 'अनइन्स्टॉल अपडेट्स'ने अर्धवट राहिलेले अपडेट काढल्यावर तो सुरू झाला. संगणक निदान सेफ मोडमध्ये येत असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक जागा मोकळी, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असे लिहावे. ही आज्ञा प्रत्येक सिस्टिम फाईल तपासते आणि खराब असेल तिथे चांगली प्रत बसवते. यानेही जमले नाही तर मग 'रीसेट', तोही 'कीप माय फाईल्स' निवडून. यात आपल्या फाईली राहतात, प्रोग्रॅम मात्र जातात.

नवीन लॅपटॉप घेतलेल्या पालकांना एक सूचना. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते, आणि अशा दुरुस्तीच्या वेळी ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. की नसेल तर उबंटूही माहिती काढू शकत नाही. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप नीट चालू आहे तोवरच ती उघडून एका वहीत उतरवून ठेवा, आणि वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.