पानगळीचे अंगण आणि विजेचा वारा

माघ सरत येतो, उन्हाची धग जाणवू लागते आणि अंगणातील वृक्ष आपला जुना पर्णसंभार उतरवू लागतात. युरोप-अमेरिकेत पानगळ ही शरद ऋतूची, ओलसर हवेतील घटना. आपल्या देशाच्या बहुतांश भागांत मात्र ती शिशिर आणि वसंताच्या संधिकाळात, म्हणजे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत घडते. नागपूरचा कडुनिंब असो, बडोद्याचा पिंपळ असो की बंगळुरूचा पर्जन्यवृक्ष, सकाळी स्वच्छ केलेले अंगण सायंकाळी पुन्हा पाचोळ्याने भरून जाते.

हा पाचोळा कोपऱ्यात ओढून पेटवून देण्याची प्रथा जुनी आहे, परंतु ती आता सोडलीच पाहिजे. पानांच्या धुमसत्या धुरातील सूक्ष्म कण लहान मुलांना, वृद्धांना व दम्याच्या रुग्णांना विशेष अपायकारक ठरतात. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रसंगी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला. तेव्हा पाने गोळा करणे हाच मार्ग उरतो. उतारवयात कमरेत वाकून खराटा चालविणे अनेकांना जमत नाही. अशा घरांत विजेवर चालणाऱ्या ‘लीफ ब्लोअर’चा, म्हणजे पाचोळा फुंकणाऱ्या यंत्राचा, विचार होऊ लागतो.

नाव एक, यंत्रे अनेक

हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘ब्लोअर’ मागितला, तर निरनिराळ्या वस्तू समोर येऊ शकतात. म्हणून प्रथम ओळख पटवून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार म्हणजे धूळ उडविणारा छोटा ब्लोअर. आखूड व निमुळते नळकांडे, हातात मावणारा आकार, सोबत कापडी पिशवी आणि साधारणतः ५०० ते ८०० वॅटची मोटर. संगणक, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या यांसाठी तो उत्तम. पायऱ्या किंवा लहान गच्चीपुरता पाचोळाही तो हटवितो. मोठ्या अंगणासाठी मात्र तो नव्हे.

दुसरा प्रकार ‘हीट गन’. आकार पिस्तुलासारखा, तोंड धातूचे आणि पाटीवर तापमानाचे आकडे. जुना रंग सोलण्यासाठी वापरले जाणारे हे यंत्र अतितप्त हवा फेकते. वाळल्या पानांवर ते चालविणे म्हणजे आगीला निमंत्रण होय.

तिसरा प्रकार हाच खरा लीफ ब्लोअर. लांब व रुंद नळी, मागील बाजूस किंवा कुशीत हवा आत घेणारी मोठी जाळी आणि उभ्याने, न वाकता जमिनीपर्यंत पोहोचणारी लांबी, या त्याच्या खुणा. चौथा प्रकार ‘ब्लोअर-व्हॅक्यूम’. तो पाने फुंकतो, तसेच ओढून, पात्यांनी कुटून खांद्यावरील पिशवीत भरतो. आंब्या-फणसाची चिवट पाने यातून बारीक होऊन निघाली की खतासाठी ती लवकर कुजतात. मात्र खडे, काड्या किंवा ओली पाने आत गेल्यास पाती दुखावतात व नळी तुंबते.

आकड्यांचे मर्म

वेष्टनावर हवेचा वेग ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि ग्राहक त्यालाच भुलतो. वास्तविक पाचोळा सरकविण्याचे काम वेग आणि हवेचे प्रमाण या दोहोंच्या संयोगाने होते. उदाहरणार्थ, एक यंत्र मिनिटाला ३ घनमीटर हवा सेकंदाला ७५ मीटर वेगाने सोडते. दुसरे मिनिटाला १० घनमीटर हवा ५० मीटर वेगाने सोडते. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलो धरून गणित मांडल्यास पहिल्याचा जोर सुमारे ४.५ न्यूटन, तर दुसऱ्याचा सुमारे १० न्यूटन भरतो. म्हणजे वेग कमी असूनही दुसरे यंत्र दुपटीहून अधिक समर्थ ठरते. काही उत्पादक हा न्यूटनमधील जोर थेट छापतात. तुलनेसाठी तोच आकडा सर्वांत उपयुक्त. हवेचे प्रमाण ‘सीएफएम’मध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत दिले असेल, तर ३५ सीएफएम म्हणजे जवळजवळ १ घनमीटर हे ध्यानात ठेवावे.

तार की बॅटरी?

तारेचे यंत्र तुलनेने स्वस्त व हलके असते आणि अखंड चालते. ६०० वॅटचे यंत्र आठवड्यात अर्धा तास वापरल्यास ०.३ युनिट, म्हणजे महिन्याला दीड युनिटहूनही कमी वीज लागते. २३० व्होल्टवर १,००० वॅटचे यंत्र सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. ते ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालू शकते. २,५०० वॅटचे यंत्र मात्र सुमारे ११ अँपिअर घेते. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट आणि तितक्याच क्षमतेची जाड तार हवी. एक्स्टेन्शनची तार गुंडाळीवर तशीच ठेवल्यास तापते. ती पूर्ण उलगडावी. ओल्या अंगणात यंत्र चालवू नये आणि घरातील विद्युत फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक, म्हणजेच ‘आरसीसीबी’, असल्याची खात्री करावी.

बॅटरीच्या यंत्राला तारेचा लोढणा नाही. येथेही छापील आकड्यांकडे डोळसपणे पाहावे. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ या बॅटऱ्या प्रत्यक्षात एकाच घडणीच्या असतात; पहिला आकडा पूर्ण चार्ज असतानाचा, दुसरा सरासरीचा. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॅट-तास ऊर्जा साठते. यंत्र ३०० वॅट घेत असेल, तर ती १४-१५ मिनिटांत संपेल. लहान अंगणाला एवढे पुरते, मोठ्या आवाराला नाही. शिवाय आपली पानगळ जेमतेम तीन महिन्यांची. उरलेले नऊ महिने लिथियम बॅटरी अर्धवट चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी लागते, आणि न वापरताही तिचे वय वाढतच असते.

अमेरिकेतील मुला-नातवंडांनी आणलेली भेट वापरताना विशेष सावधगिरी बाळगावी. पाटीवर केवळ ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असे लिहिलेले यंत्र वा चार्जर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडल्यास जळून जाईल.

आवाज, धूळ आणि शेजार

अमेरिकेतील कार्मेल-बाय-द-सी या गावाने १९७५ सालीच लीफ ब्लोअरवर बंदी घातली. कारण होते आवाज. विजेची यंत्रे पेट्रोलच्या यंत्रांहून सौम्य असली, तरी ती निःशब्द नव्हेत. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. म्हणून सकाळची झोप आणि दुपारची वामकुक्षी टाळून, अल्पकाळच यंत्र चालविणे हा शेजारधर्म होय.

आपली पानगळ कोरड्या ऋतूतील असल्याने धुळीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उघड्या मातीवर यंत्र चालविल्यास पानांआधी मातीच उडते. फरशी, हिरवळ, वाहनतळ आणि गच्ची या त्याच्या योग्य जागा. वेग कमी-अधिक करण्याची सोय असलेले यंत्र घ्यावे, नळीचे तोंड जमिनीलगत ठेवावे, वाऱ्याच्या दिशेनेच पाने न्यावीत; डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क अवश्य लावावा.

खरेदीपूर्वी थोडे थांबावे

दोन-तीनशे चौरस फुटांच्या अंगणाला खराटा पुरेसा आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. अंगण मोठे असेल, तर दुकानात यंत्र हातात धरून, दहा मिनिटे पेलवेल का, हे पाहावे. कार्बन ब्रश व इतर सुटे भाग गावात मिळतात का, याची विचारणा करावी. पक्की पावती व हमीपत्र जपून ठेवावे. तक्रारीची दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

आणि गोळा केलेला पाचोळा हा कचरा समजू नये. झाडांच्या आळ्यांत त्याचे आच्छादन केल्यास उन्हाळ्यात ओल टिकते; स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यासोबत थरावर थर रचल्यास त्याचे खत बनते. वृक्षाने वर्षभर मातीतून घेतलेले धन तो पानगळीत परत करतो. ही ठेव जाळून न टाकता त्याच मातीत पुन्हा जमा करणे, यातच खरी बचत आहे.