पडद्यावरची शाळा सुटल्यावर

किशोरवयीन मुलांचे चित्रपट गाजतात, त्यातले चेहरे घराघरांत पोहोचतात आणि चार-सहा वर्षांत मागे पडतात. असं का होतं?

१० जून १९८५च्या ‘न्यूयॉर्क’ मासिकात डेव्हिड ब्लम या पत्रकाराचा एक लेख आला. लिहायचं होतं एमिलिओ एस्टेवेझ या २३ वर्षांच्या नटावर. पण एस्टेवेझच्या मित्रांबरोबर घालवलेल्या एका संध्याकाळनंतर लेख त्या अख्ख्या टोळक्यावर झाला आणि त्यात त्यांना नाव मिळालं ‘ब्रॅट पॅक’, म्हणजे लाडावलेल्या कार्ट्यांची टोळी. तेव्हा ही मंडळी ऐन भरात होती. जॉन ह्यूज यांचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ फेब्रुवारीत येऊन गाजला होता, ‘सेंट एल्मोज फायर’ जूनच्या अखेरीस लागायचा होता. हॉलिवूडची पुढची पिढी हीच, असं मानलं जात होतं.

पाच वर्षांनी चित्र पार बदललं होतं. मॉली रिंगवॉल्ड, जड नेल्सन, अँथनी मायकल हॉल, अ‍ॅली शीडी, अँड्र्यू मॅकार्थी यांची कामं थांबली नव्हती. पण ज्याच्या एकट्याच्या नावावर थिएटर भरावं, असं स्थान यांपैकी कुणालाच टिकवता आलं नाही. डेमी मूर तेवढी १९९०च्या ‘घोस्ट’नंतर खऱ्या अर्थाने मोठी स्टार झाली, तीही या टोळक्यापासून फार लांबच्या भूमिकेत.

यात दुर्गुण किंवा दुर्दैव शोधणं सोपं आहे. मला मात्र कारण या चित्रपटांच्या घडणीतच दिसतं. ‘द ब्रेकफास्ट क्लब’मध्ये शिक्षा म्हणून शनिवारी शाळेत बसवलेली पाच मुलं आहेत: एक हुशार, एक खेळाडू, एक श्रीमंताघरची, एक गुंड आणि एक कुणाशीच न बोलणारी. इलिनॉयमधल्या बंद पडलेल्या शाळेच्या व्यायामशाळेत ग्रंथालयाचा सेट उभारून चित्रीकरण झालं. सुमारे दहा लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळवले. यातला एकही नट नावावर तिकीट खपवणारा नव्हता. प्रेक्षक आले ते स्वतःचं वय पडद्यावर पाहायला. त्या चित्रपटाचा स्टार ते वयच होतं, आणि वय कुणाच्याही मालकीचं राहत नाही.

चित्रीकरणाच्या वेळी रिंगवॉल्ड आणि हॉल खरोखरच १६ वर्षांचे होते, तर नेल्सन २४चा. सोळा वर्षांच्या मुलाचा अवघडलेपणा, फुटलेला आवाज, हातापायांना न सापडणारी जागा हे अभिनयाच्या वर्गात शिकवता येत नाही. कॅमेरा ते टिपतो आणि प्रेक्षक त्याला जीव लावतो. पण ही ठेव दोन-तीन वर्षांची असते. हॉल ह्यूज यांच्या तीन चित्रपटांत साधारण तोच किडकिडीत, धांदरट, हुशार मुलगा होता. १९९०च्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’मध्ये तो दिसतो ते आडदांड, दांडगाई करणाऱ्या तरुणाच्या रूपात. त्याने आपली प्रतिमा मोडायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. पण ज्यांचं पहिल्या हॉलवर प्रेम होतं, त्यांना हा दुसरा ओळखीचा वाटला नाही.

दुसरं कारण प्रेक्षकाचं. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं असतं. म्हणजे दर चार वर्षांनी या चित्रपटांचा हक्काचा प्रेक्षक पूर्ण बदलतो. जुना मोठा होऊन दुसरे चित्रपट पाहू लागतो आणि नव्याला आपल्या वयाचे नवे चेहरे हवे असतात. मे १९८६मध्ये रिंगवॉल्ड ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होती; नव्वदच्या दशकात ती पॅरिसला राहायला गेली. ह्यूज यांनीही तोवर किशोरवयीन मुलांचा विषय सोडला होता. १९९०चा ‘होम अलोन’ त्यांनीच लिहिला आणि त्याचा नायक होता घरात एकटा राहिलेला आठ वर्षांचा मुलगा. लेखकाला वाट बदलता आली. नटांचे चेहरे मात्र जुन्या वाटेवरच ओळखले जात होते.

तिसरं कारण समूहाचं. पाच जणांनी मिळून पेललेल्या चित्रपटाचं श्रेय पाचांत वाटलं जातं, शिक्का मात्र प्रत्येकावर पूर्ण बसतो. ब्लमच्या त्या लेखानंतर या नटांना एकमेकांबरोबर काम करणंच नकोसं झालं. मॅकार्थी पुढे प्रवासलेखक आणि मालिकांचा दिग्दर्शक झाला. ही सल त्याने २०२१च्या आत्मकथनात आणि २०२४च्या ‘ब्रॅट्स’ या माहितीपटात मोकळेपणाने मांडली आहे.

मग टिकतं कोण? बरेचदा कोपऱ्यात उभा असलेला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द आउटसायडर्स’मध्ये (१९८३) तरुण नटांची मोठी फौज होती, टॉम क्रूझची भूमिका त्यात अगदी छोटी. ‘अमेरिकन ग्राफिटी’त (१९७३) हॅरिसन फोर्ड मोजक्या प्रसंगांत दिसतो. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’मधले (१९९३) बेन अ‍ॅफ्लेक आणि मॅथ्यू मकॉनही कथेच्या केंद्रात नव्हते. लोकांनी त्यांना त्या वयात कोंडून ठेवलं नाही. क्रूझने पुढेही शहाणपण दाखवलं: १९८६मध्ये ‘टॉप गन’नंतर लगेच पॉल न्यूमनबरोबर ‘द कलर ऑफ मनी’, १९८८मध्ये डस्टिन हॉफमनबरोबर ‘रेन मॅन’. बरोबरीच्यांची संगत सोडून तो थोरांच्या समोर उभा राहिला. हा नियम अभंग नाही. ‘अमेरिकन ग्राफिटी’च्या केंद्रस्थानी असलेला रिचर्ड ड्रायफस पुढे ऑस्करपर्यंत गेला. पण कल हाच दिसतो.

जुन्या हॉलिवूडमध्ये स्टुडिओ कलावंतांना सात-सात वर्षांच्या करारांनी बांधून ठेवत. ज्युडी गार्लंड, मिकी रूनी यांना एमजीएमने असंच घडवलं. त्यात पिळवणूक भरपूर होती आणि गार्लंडने त्याची किंमत आयुष्यभर मोजली. पण पुढची भूमिका कोणती, याचा विचार कुणीतरी करत होतं. ऐंशीच्या दशकातल्या मुलांशी व्यवहार एका चित्रपटापुरता होता. पुढचं ज्याचं त्याने पाहायचं.

आपल्याकडे काय घडलं? ‘शाळा’ (२०१२), ‘बालक पालक’ (२०१३), ‘टाइमपास’ आणि ‘फँड्री’ (२०१४), ‘सैराट’ (२०१६) अशी कोवळ्या वयाच्या चित्रपटांची सलग लाट मराठीत आली. तिने प्रेक्षकांना थिएटरात परत आणलं. ‘सैराट’ने तर मराठीत शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. पण २०१५च्या ‘टाइमपास २’मध्ये दगडू आणि प्राजक्ता मोठे झाले, तेव्हा त्या भूमिका प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्याकडून प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट यांच्याकडे गेल्या. कथेची ती गरज होती, हे खरं. तरी पात्र मोठं झालं आणि नट मागे राहिला, हे दृश्य या साऱ्या प्रश्नाचं सार सांगतं. पुढे २०२२मध्ये प्रथमेश ‘टाइमपास ३’मध्ये परतला, तोही पुन्हा तरुण दगडू म्हणूनच.

‘फँड्री’तल्या जब्यासाठी सोमनाथ अवघडेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या तोलाची दुसरी भूमिका मराठी चित्रपटाने त्याच्यासाठी लिहिली नाही. रिंकू राजगुरूने मात्र ‘हंड्रेड’ मालिकेत लारा दत्ताबरोबर आणि ‘झिम्मा २’मध्ये वेगवेगळ्या वयांच्या अभिनेत्रींबरोबर उभं राहून ‘सैराट’मधल्या आर्चीपलीकडची वाट शोधली. ‘सैराट’वरूनच बेतलेल्या ‘धडक’मधून (२०१८) पदार्पण केलेल्या जान्हवी कपूरला पुढच्या संधी मिळत गेल्या; चित्रपटसृष्टीतल्या घराण्याचं पाठबळ असलं की पहिल्या चित्रपटानंतरचा काळ निभावून नेता येतो. गावातून, वस्तीतून थेट पडद्यावर आलेल्या मुलांपाशी ते नसतं.

म्हणून ‘ही मुलं पुढे काहीच करू शकली नाहीत’ हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. आपण त्यांच्याकडून त्यांचं सोळावं वर्ष घेतलं. विसाव्या, पंचविसाव्या वर्षाच्या गोष्टी लिहायला विसरलो. पहिली नोकरी, भाड्याची खोली, स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं, लग्नाचा दबाव, शेती सोडावी की धरावी हा पेच, हे सगळं आजच्या महाराष्ट्रात घडतं आहे आणि ते जगणारे चेहरे आपल्याकडे आहेत. निर्मात्यांनी आणि लेखकांनी नवी कोवळी मुलं शोधण्याआधी जुन्या मुलांचं आजचं वय विचारावं. आणि आपण प्रेक्षकांनी त्यांना पुन्हा जब्या, दगडू किंवा आर्ची होण्याचा आग्रह न धरता त्यांच्या नव्या कामाचं तिकीट काढावं.