एसएसडी स्लो झाली? आधी ‘ट्रिम’ समजून घ्या

वर्ध्यात, आर्वीत किंवा हिंगणघाटला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं सेंटर टाकायचं, तर जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावून त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकणं हा स्वस्तातला मार्ग. अशा सेंटरमध्ये दिवसभर स्कॅन आणि पीडीएफ येतात, संध्याकाळी डिलीट होतात. इथंच ट्रिमचा विषय येतो.

हिंगणघाटच्या जिनिंगवाल्यांना हे लगेच समजेल. मुनीमजींनी खराब गाठी वहीतून कमी केल्या, पण गोदामात निरोपच दिला नाही. गोदामवाला त्या सांभाळतच बसतो. फाइल डिलीट केली की लिनक्सही फक्त वहीतली नोंद खोडतं. एसएसडी लिहिते छोट्या पेजमध्ये, साधारण ४ ते १६ केबीच्या. पण पुसताना अशा शेकडो पेजचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्याआधी त्यातली कामाची पेजेस दुसरीकडे हलवायची. निकामी पेजेसही कामाची समजून हलवली, तर वेग पडतो आणि एसएसडी झिजतेही जास्त. ट्रिम म्हणजे गोदामात पोचलेला निरोप.

आजच्या उबुंटूत ‘एफएसट्रिम’चा टायमर हे काम आठवड्यातून एकदा, सोमवारी मध्यरात्रीनंतर करतो. तेव्हा मशीन बंद असेल, तर पुन्हा सुरू केल्यावर करतो. म्हणजे बहुतेकांना काहीच करावं लागत नाही.

पण धंद्याच्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुढेच आहे. ट्रिम झालं की डिलीट केलेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरला सहसा सापडत नाही. जुन्या हार्ड डिस्कमधून दुकानदार फोटो काढून द्यायचा, तो भरवसा इथं धरू नका. शनिवारी चुकून उडालेले ग्राहकाच्या लग्नाचे फोटो सोमवारनंतर गेलेच समजा. (ट्रॅशमध्ये असतील तर वाचले, ट्रॅश रिकामा करेपर्यंत फाइल जागेवरच असते.) त्यामुळे बॅकअपची वेगळी डिस्क सेंटरच्या पहिल्याच खर्चात धरा, प्रिंटरच्या शाईसारखी.

आणखी एक. स्वस्त यूएसबी डबीत बसवलेल्या एसएसडीपर्यंत ट्रिमचा निरोप बरेचदा पोचत नाही. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर ट्रिमला परवानगी दिली आहे का, हे इन्स्टॉल करून देणाऱ्याला विचारून घ्या.