शुक्रावरील गंधकाचा हिशेब

पेण तालुक्यातील जोहे गावात गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून प्लास्टर ऑफ पॅरिसची पोती रिकामी होत असतात. या प्लास्टरने होणाऱ्या जलप्रदूषणाचा वाद सर्वपरिचित आहे. परंतु ते ज्या जिप्समपासून बनते त्यात गंधक असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्वालामुखीतून निघालेला गंधकाचा वायू पृथ्वीवर पावसाबरोबर समुद्रात जातो आणि खारे पाणी आटले की जिप्समच्या थरांत बंदिस्त होतो.

शुक्रावर समुद्र नाही. पृष्ठभागाचे तापमान सुमारे 465 अंश सेल्सिअस असल्याने आम्लाचे थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरून जातात. सल्फर डायऑक्साइड पुन्हा वर चढतो, सूर्यप्रकाशात त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते व त्याचे ढग साऱ्या ग्रहाला वेढून राहतात. शुक्राची चांदणी तेजस्वी दिसते, ती या ढगांमुळेच.

1978 साली शुक्राभोवती फिरू लागलेल्या अमेरिकेच्या पायोनियर यानाला पुढील काही वर्षांत ढगांवरील हा वायू सुमारे दशांशावर आल्याचे आढळले. 2006 नंतर युरोपच्या व्हीनस एक्सप्रेसनेही त्यातील चढउतार नोंदविले. हा जागृत ज्वालामुखीचा पुरावा, की केवळ वाऱ्यांच्या अभिसरणाचा परिणाम? 1991 च्या रडारचित्रांत एका ज्वालामुखीचे मुख बदललेले असल्याचे 2023 मध्ये उघड झाले, तरी वायूचे कोडे पूर्णतः सुटलेले नाही.

18 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 1236 कोटी रुपयांच्या शुक्रमोहिमेस मंजुरी दिली. प्रक्षेपणासाठी मार्च 2028 ही वेळ ठरविण्यात आली. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण होत असता हा खर्च कशासाठी, असा प्रश्न कुणी केला तर त्यास गैर म्हणता येणार नाही. मात्र दरडोई हा भार नऊ रुपयांहूनही कमी आहे. तो वाचविल्याने खारेपाटाची तहान भागेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय 1991 च्या पिनाटुबो उद्रेकातील गंधकाने पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते. असा वायू मुद्दाम आकाशात सोडून तापमानवाढ रोखण्याच्या कल्पनाही आज मांडल्या जातात. त्यांचा मान्सूनवर काय परिणाम होईल, हे जाणून घेण्यात भारतीय शेतकऱ्याइतके कुणाचेच हित गुंतलेले नाही; आणि गंधकाच्या ढगांचे वर्तन तपासण्यास शुक्रासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. जपानच्या अकात्सुकी यानाचा संपर्क एप्रिल 2024 मध्ये तुटला आणि निरीक्षणांची साखळी खंडित झाली. वायूतील चढउतार एका मोजणीत उमगत नाहीत. वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. यास्तव शासनाने ही मोहीम एकदाचा पराक्रम न मानता सातत्याच्या अभ्यासाचा आरंभ मानावी. एका वर्षाच्या जमाखर्चावरून पेढीची स्थिती कळत नाही. ग्रहाची तरी कशी कळावी?