यंत्र अडले, की माणूस?

बँकेचे पैसे देणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्याला एटीएम म्हणतात. कार्ड घालायचे, गुप्त आकडा दाबायचा, रक्कम सांगायची. नोटा बाहेर येतात. पण पुष्कळांना या यंत्रापुढे उभे राहायची धास्ती वाटते. "आपल्याला नाही बाबा जमायचं. आपण अडाणी!" असे म्हणून ते दुसऱ्याच्या हाती कार्ड देतात. गुप्त आकडाही सांगून टाकतात. अशाने कष्टाचा पैसा बुडतो.

यंत्र वापरता आले नाही, तर दोष नेहमी वापरणाराचाच असतो का? नाही. नवे दार अडू लागले, तर आपण सुताराला बोलावतो. स्वतःला अडाणी म्हणत नाही. यंत्रालाही असा एक कारागीर असतो. कोणते बटण कोठे असावे, पडद्यावर काय लिहावे, आधी काय व्हावे, मग काय, हे तो ठरवितो. त्याला डिझायनर म्हणतात. माणूस कोठे अडतो, काय विसरतो, हे पाहणे आणि त्याप्रमाणे यंत्र सुधारणे हे त्याचे काम.

याची तीन उदाहरणे पाहा.

लंडनच्या एन्फील्ड भागात २७ जून १९६७ रोजी एका बँकेने पैसे देणारे यंत्र बसविले. ते जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या कल्पनेतून झाले. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, शिलाँगचा. गुप्त आकडा सहा अंकी ठेवावा, असे त्यांच्या मनात होते. घरी त्यांनी पत्नीला विचारले. तिला चारच अंक ध्यानात राहात. मग त्यांनी चारच ठेवले! ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. मुंबईत एटीएम आले ते १९८७ साली. आजही आपण बहुधा चारच अंक दाबतो.

दुसरे उदाहरण. पूर्वी काही यंत्रे आधी पैसे देत, मग कार्ड. पैसे हाती आले, की काम झाले असे वाटते. माणूस निघून जाई. कार्ड तेथेच राही. मग क्रम बदलला. आधी कार्ड घ्या, मगच पैसे. विसरभोळेपणा गेला नाही, पण नुकसान टळले.

तिसरे उदाहरण बोटाने पाहा. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. त्यावरून अंध माणसाला बाकीचे आकडे चाचपून ओळखता येतात.

आता मोबाइलवरूनही पैसे पाठविता येतात. तेथे एक नियम पक्का ध्यानात ठेवा. पैसे देताना गुप्त आकडा लागतो, घेताना लागत नाही. "पैसे पाठवतो, तुमचा नंबर दाबा," असे कोणी म्हणाले, तर तो ठग समजावा.

एटीएमच्या पडद्यावर भाषा विचारली, तर मराठी निवडा. शब्द सावकाश वाचा. घाबरू नका. अडले, तर बँकेत जाऊन विचारा आणि नेमके कोठे अडले तेही सांगा. कोठे अडते ते कळल्याशिवाय कारागिराला सुधारणा करता येत नाही. विचारण्यात कमीपणा नाही. गुप्त आकडा मात्र कोणालाही सांगू नका, बँकेच्या माणसालासुद्धा!