याप्य व्याधी आणि रोजचे औषध : दम्यातील प्रतिबंधक चिकित्सेविषयी

तमक श्वासाचा रुग्ण आपल्याकडे बहुधा अवेगावस्थेत येतो. वेग आला असता तो रुग्णालय गाठतो. तेथून पंप व गोळ्या घेऊन घरी परततो, दोन-तीन महिने बरे वाटते आणि मग वैद्यांसमोर बसून तो विचारतो, ‘आता पंप बंद केला तर चालेल ना?’ ज्यांनी पंप लिहून दिला त्यांच्यापेक्षा हा प्रश्न आपल्यालाच अधिक वेळा विचारला जातो. म्हणूनच या औषधांचे कार्य काय, ती रोज का घ्यावयाची आणि कमी करावयाची झाल्यास कोणत्या क्रमाने, हे वैद्यवर्गास व औषधविक्रेत्यांस नेमके ठाऊक असणे आवश्यक आहे.

याचे मूळ आपल्याच शास्त्रात आहे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमक श्वास याप्य म्हटला असून केवळ नवोत्थित असल्यास तो साध्य मानला आहे. याप्य म्हणजे चिकित्सा चालू असेतोवर ताब्यात राहणारा व्याधी. सुश्रुतसंहितेत याला पडू पाहणाऱ्या घरास नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. घर उभे आहे म्हणून टेकू अनावश्यक ठरत नाही. घर उभे आहे ते टेकूमुळेच. रोज घ्यावयाचे प्रतिबंधक औषध हा असाच टेकू होय. रुग्णाला ‘स्टेरॉइड’, ‘रिसेप्टर’ असले शब्द सांगण्यापेक्षा ही उपमा सांगावी. शेतकऱ्यालाही ती तत्काळ पटते.

वेगाचे औषध आणि रोजचे औषध

साल्ब्युटामॉलचा पंप (बहुधा निळा) आकुंचित श्वासनलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो व त्याचा प्रभाव चार ते सहा तास टिकतो. परंतु श्वासनलिकांच्या अंतःत्वचेतील शोथावर त्याचे कार्य नाही. शोथ कमी होतो तो श्वासावाटे घेतलेल्या ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन अशा स्टेरॉइडने, आणि तोही काही दिवसांत, पूर्णतः कित्येक आठवड्यांनी. रुग्णाला मात्र निळा पंप प्रिय असतो, कारण त्याचा गुण लगेच कळतो. ज्याचा गुण जाणवत नाही तो पंप सुटतो आणि प्रमाद तेथेच घडतो. दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 साली प्रौढ व किशोरवयीन रुग्णांस केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत श्वासावाटे स्टेरॉइड असलेच पाहिजे, अशी स्पष्ट भूमिका घेतली. ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप वेगात व रोजही वापरता येतो, हे त्यातील अपवादात्मक सोयीचे उदाहरण.

स्टेरॉइड या शब्दाची भीती अनाठायी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. वेगावस्थेत प्रेड्निसोलोन पोटातून दिवसाला 40 ते 50 मिलिग्रॅमपर्यंत दिले जाते. ब्युडेसोनाइडची श्वासावाटे अल्प मात्रा दिवसाला 200 ते 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, आणि तीही प्रामुख्याने स्थानिक कार्य करते. आवाज बसणे व तोंडात पांढरा थर येणे हे तिचे नेहमीचे उपद्रव असून पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंकल्यास, तसेच स्पेसर वापरल्यास ते बरेच टळतात. रोजचा पंप सोडून वर्षातून चार वेळा गोळ्यांचे स्टेरॉइड घ्यावे लागणे, ही खरी भिण्याजोगी गोष्ट होय.

मॉन्टेलुकास्ट : साधी वाटणारी गोळी

ल्युकोट्रायिन या शोथजनक द्रव्यांचा मार्ग रोखणारी ही गोळी अमेरिकेत 1998 साली मान्य झाली. पंधरा वर्षांवरील रुग्णास 10 मिलिग्रॅम, सहा ते चौदा वर्षांस 5 आणि दोन ते पाच वर्षांस 4 अशी मात्रा दम्यात सायंकाळी देतात. वेगावस्थेत तिचा उपयोग नाही, व श्वासावाटेच्या स्टेरॉइडइतकी ती प्रभावीही नाही. आपल्याकडे लेव्होसेटिरिझिनसह असलेली तिची जोडगोळी साध्या सर्दीसाठीही सर्रास घेतली जाते.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधास सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा जोडला. चिडचिड, दुःस्वप्ने, निद्रानाश, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार असे मानसिक उपद्रव संभवतात. म्हणून केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी ते, अन्य औषधे लागू न पडल्यास वा सोसत नसल्यासच द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ‘मूल रात्री दचकून उठते, हट्टी झाले आहे’ अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा ब्राह्मी सुरू करण्यापूर्वी मूल ही गोळी घेते काय, हे विचारावे. घेत असल्यास ज्यांनी ती लिहिली त्यांना त्वरित कळवावे.

जोडगोळीतील दुसऱ्या घटकाचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेटिरिझिन वा लेव्होसेटिरिझिन कित्येक महिने रोज घेऊन थांबविल्यास काही रुग्णांस थोड्याच दिवसांत सर्वांगास तीव्र कंडू सुटतो, असा इशारा त्याच प्रशासनाने मे 2025 मध्ये दिला. आपली चिकित्सा सुरू करताना रुग्णाने ती गोळी सोडलेली असेल, तर हा कंडू रक्तदुष्टी म्हणून वा आपल्या औषधाचा दोष म्हणून गणला जाण्याचा संभव आहे.

ऋतू आणि टेकू

मेघ, जल, शीत व पूर्वेचा वारा यांनी तमक वाढतो, आणि प्रतमकाच्या हेतूंत रज म्हणजे धूळ सांगितली आहे. आजचे हेतू त्याच यादीत बसतात : पावसाळ्यात ओल्या भिंतींवरील बुरशी, नंतर गवताचे व गाजरगवताचे पराग, सोयाबीनच्या मळणीची धूळ, दिवाळीचा धूर, मागोमाग थंडी. ऋतुमानाने नाक बिघडणाऱ्या रुग्णास नाकातील स्टेरॉइडचा फवारा ऋतूपूर्वी सुमारे दोन आठवडे सुरू करणे हितावह असते. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. त्या औषधाच्या गुणावगुणांत येथे शिरत नाही. पण ते घेऊन कोणी पंप बंद केला, तर मळणी, धूर आणि थंडी यांच्या ऐन तोंडावर टेकू निघतो.

औषध कमी करूच नये असे नव्हे. सुमारे तीन महिने लक्षणे ताब्यात असल्यास मात्रा एका वेळी 25 ते 50 टक्के कमी करून पुन्हा तीन महिने पाहावयाचे, असा क्रम आहे. तोही वेगकारक ऋतूत, प्रवासात वा गर्भारपणात आरंभू नये, आणि मूळ चिकित्सकाच्या संमतीनेच आरंभावा. दीर्घकाळ पोटातून स्टेरॉइड घेणाऱ्याचे औषध एकाएकी थांबविणे तर प्राणघातक ठरू शकते. आपल्या चिकित्सेचा गुण पाहावयाचा असल्यास पीक फ्लो मीटर हे स्वस्त साधन घ्यावे. रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली सकाळचा आकडा येऊ लागल्यास काहीही कमी करू नये. 50 टक्क्यांखाली आल्यास वेगाचे औषध देऊन रुग्णालयात धाडावे. वमन वा विरेचन योजताना पंप चालूच ठेवावा.

द्रव्यांच्या परस्पर परिणामाचाही विचार हवा. पिप्पलीतील पाइपरीन रक्तातील थिओफिलीनचे प्रमाण वाढविते. थिओफिलीन घेणाऱ्यास त्रिकटू वा पिप्पलीचे कल्प देताना हृल्लास, कंप, हृद्द्रव यांवर लक्ष असावे. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते. साल्ब्युटामॉल व पोटातील स्टेरॉइडही तेच करतात, म्हणून तिन्ही एकत्र दीर्घकाळ नकोत.

औषधविक्रेत्यांच्या हाती एक माहिती असते जी वैद्याकडे नसते, ती म्हणजे खरेदीची नोंद. साल्ब्युटामॉलच्या एका पंपात साधारणतः 200 मात्रा असतात. वर्षात तीन वा अधिक पंप लागणे हे वेगाचा धोका वाढल्याचे, तर बारा वा अधिक लागणे मृत्यूचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते. दरमहा निळा पंप नेणारा आणि रोजचा पंप कधीच न नेणारा ग्राहक दिसल्यास त्याला थांबवून चिकित्सकाकडे पाठवावे. तसेच दम्यावरील बिननावाची, बिनपरवान्याची ‘आयुर्वेदिक’ पुडी दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि दोन दिवसांत चमत्कार दाखविणाऱ्या पुडीविषयी तर तोच संशय प्रथम घ्यावा.